संकटात धीर कसा धरायचा? एका दिवसाची भाकर मागून

आधी सांगून टाकते, मी पाळकीण नाही, बायबल कॉलेजात शिकलेली नाही. नगरच्या एका मंडळीतली साधी बाई आहे, भगिनी मंडळात चहा-बिस्किटाचा हिशोब ठेवणारी. पण एप्रिल २०२१ मध्ये आमचे मिस्टर एकोणीस दिवस आयसीयूत होते, आणि त्याच आठवड्यात माझे सख्खे मामा दुसऱ्या गावी ऑक्सिजनवर. आम्ही दोघांसाठी एकच प्रार्थना करायचो, तेच शब्द, तेच रडणं, तेच फोनवर सगळ्यांना सांगणं की प्रार्थना करा. मिस्टर घरी आले, मामा नाही आले. त्यामुळे "अशी प्रार्थना करा म्हणजे असं होतं" टाईपचं कुणी सांगायला लागलं की माझे कान आपोआप बंद होतात. खाली जे लिहितेय ते संकट टाळायचा उपाय नाहीये. संकट चालू असताना दिवस कसा काढायचा, एवढंच.

सगळ्यात आधी जेवा आणि झोपा. हसू नका, हे बायबलातच आहे. १ राजे, १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा, ज्याने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला, तो ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो, रानात एक दिवस चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की बस झालं, आता माझा प्राण घे. आता देव काय करतो बघा. रागावत नाही, उपदेश करत नाही, "तुझा विश्वास कुठे गेला" असं तर अजिबात विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, खा म्हणतो, तुला लांब जायचंय. मग कुठे चाळीस दिवसांची चाल आणि होरेब डोंगर आणि देवाचा तो हळू आवाज. प्रवचनात सगळा जोर त्या हळू आवाजावर असतो, पण मला वाटतं आधीच्या दोन झोपा आणि दोन भाकरी नसत्या तर एलीया तिथपर्यंत पोचलाच नसता.

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बसून पहिले तीन दिवस नुसत्या चहावर काढले आणि वर त्याला उपवास-प्रार्थना म्हणत होते. चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडले. उपवास चांगलाच आहे, पण ज्याच्या अंगात आधीच काही उरलं नाहीये त्याने करायची ती गोष्ट नव्हे. घरात संकट असेल तर कुणीतरी एकाने फक्त जेवणाकडे बघायचं ठरवून घ्या, तीसुद्धा सेवाच आहे.

मग प्रार्थना. इथे आपल्या लोकांची एक सवय आहे, तोंड उघडलं की "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझे आभार मानतो" अशी सुरुवात, आत कितीही आग लागलेली असली तरी. आभार मानू नका असं नाही म्हणत मी, पण खोटे आभार मानू नका. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश रडगाणी आहेत, सरळसरळ तक्रारी. १३ वं स्तोत्र घ्या, फक्त सहा ओव्यांचं आहे. सुरुवातच अशी की देवा तू मला कुठवर विसरणार, आणि ते "कुठवर" पहिल्या दोन ओव्यांतच परत परत येतं. मग मागणी: माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. म्हणजे हाक, तक्रार, मागणी, भरवसा. हाच साचा घेऊन आपलं स्वतःचं स्तोत्र लिहायचं, शाळेच्या वहीत, पेनाने, मोबाईलवर नको कारण मध्येच मेसेज येतात. कुणाला दाखवायचं नाही. भाषा घरची वापरायची. माझं पहिलं स्तोत्र असं होतं: "देवा, डॉक्टर फोन उचलत नाहीत आणि तूही नाही." मला भीती वाटली होती लिहिताना, पाप लागेल का म्हणून. मग लक्षात आलं की ज्यांनी १३ वं स्तोत्र लिहिलं त्यांचं स्तोत्र देवाने फाडून टाकलं नाही, बायबलात ठेवलं.

आणि चौथा भाग, तो भरवशाचा, आलाच नाही तर? तर सोडून द्या. ८८ वं स्तोत्र वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी काहीही उजाडत नाही. मामा गेले त्या दिवशी मला बाकी कुठलंच स्तोत्र वाचवेना, २३ वंसुद्धा नाही, फक्त ते चाललं. ज्याला कुणाला पवित्र शास्त्रात हे असंच ठेवावंसं वाटलं त्याचे मी आभार मानते, आणि हे आभार खरे आहेत.

४२ वं पण बघून ठेवा. त्यात माणूस देवाशी नाही, स्वतःच्याच जिवाशी बोलतो: "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस?" तळमळत! हा शब्द मराठीत वाचल्याशिवाय कळतच नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून हेच मोठ्याने म्हणायचे, स्वतःला "अगं का तळमळतेस" असं विचारत. डोक्यात जे गरगर फिरत असतं ते स्वतःच्या कानावर पडलं की जरा आकार येतो त्याला.

वाचायचं किती? कमी. संकटात लोक एकदम ठरवतात की आता रोज पाच अध्याय, आणि तिसऱ्या दिवशी राहून गेलं की वर अपराधीपणा. एक स्तोत्र, सकाळी, मोठ्याने, दोनदा. तेच स्तोत्र आठवडाभर चाललं तरी चालेल. डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवायचं आणि जे निघेल ते आजचं वचन, हे करू नका प्लीज. माझ्या आजीचं चालायचं ते, पण तिला सगळं बायबल पाठ होतं, तिला बोट कुठे जातंय ते बरोबर कळायचं. आपलं बोट गणनेच्या पुस्तकातल्या वंशावळीवर जातं. एकतीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये नव्या वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी मिळते ती जपून ठेवा, मला आवडते ती पद्धत, पण त्या वर्षी माझ्या चिठ्ठीत भरभराटीचं वचन आलं होतं, तर सांगायचा मुद्दा असा की चिठ्ठी म्हणजे भविष्य नव्हे.

२३ वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं म्हणून कुणी नीट वाचत नाही. एकदा व्याकरणाकडे लक्ष देऊन वाचा. पहिल्या तीन ओव्यांत देव "तो" आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला पाण्याजवळ नेतो. मग मृत्युच्छायेची दरी येते, आणि बरोब्बर तिथे "तो" चा "तू" होतो. कारण तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना तो देवाबद्दल बोलत होता, दरीत उतरल्यावर देवाशी बोलायला लागला. हे मला कुणी शिकवलं नाही, रात्री अडीच वाजता आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर शंभराव्यांदा म्हणताना दिसलं, आणि दरीतून बाहेर काढल्याचं कुठेही लिहिलेलं नाही हे पण तेव्हाच दिसलं. बरोबर आहेस, एवढंच.

आता भाकरीचं. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. रोजची, आज. महिन्याचा किराणा भरून दे असं नाही. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात रानात इस्राएल लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडायचा तोही एका दिवसापुरता, जास्त गोळा करून ठेवला तर सकाळी त्यात किडे आणि वास, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या वाराच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. आणि मत्तयाच्या ज्या ६ व्या अध्यायात ही प्रार्थना आहे त्याच अध्यायाच्या शेवटी आहे की उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे. मला आधी हे वाक्य चिंता करणाऱ्याला दिलेला टोला वाटायचं. आता उलट वाटतं. येशू म्हणतोच आहे ना की आजच्या दिवसाला आजचं दुःख आहे आणि ते पुरेसं आहे, म्हणजे दुःख नाकारलेलं नाहीये, फक्त उद्याचं आजच्या पाटीत टाकू नको म्हणतोय, नाहीतर ती पाटी उचलवणारच नाही.

प्रत्यक्षात हे असं करायचं: डोक्यात दहा गोष्टी असतात, बिल, ईएमआय, मुलाची फी, रिपोर्ट, ते गेले तर काय. कागद घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे आज ज्याचं काहीतरी करता येईल ते, उजवीकडे बाकी सगळं. डावीकडे सहसा दोन-तीनच गोष्टी निघतात. प्रार्थना डावीकडच्यासाठी करायची, नेमकी करायची, "साडेअकराला डॉक्टर भेटू देत आणि मला नीट विचारता येऊ दे". उजव्या बाजूसाठी एकच वाक्य, हे तुझ्याकडे राहू दे. उद्या परत काढायचं. पहिल्या दिवशी मी उजवी बाजू अकरा वेळा परत मागून घेतली, पण ठीके.

रात्रीचं वेगळं लिहायला पाहिजे कारण रात्री दोन ते चार विश्वास-बिश्वास सगळं पातळ होतं. तेव्हा लांब प्रार्थना करायला जाऊ नका, भरकटते आणि घाबरवते. श्वासाबरोबर एक ओळ, "प्रभू येशू ख्रिस्ता" म्हणत श्वास आत, "माझ्यावर दया कर" म्हणत बाहेर, पूर्वेकडच्या चर्चमध्ये ही फार जुनी रीत आहे. वसईची माझी एक मैत्रीण कॅथलिक आहे, तिचं रोजरीवर चालतं, मंगळवारी आणि शुक्रवारी येशूच्या दुःखाचे प्रसंग घेतात आणि त्यात पहिलाच गेथशेमाने बागेतला, जिथे पकडलं जायच्या आधी येशूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली, तिचं म्हणणं की हातात मणी असले की मन निसटलं तरी बोटं प्रार्थना करत राहतात. आम्ही प्रोटेस्टंट लोक मण्यांना नाक मुरडतो पण त्या रात्री मी हेवा केला तिचा.

आणि गाणं. पौल आणि सीला हे येशूचा संदेश सांगत फिरणारे दोघं फिलिप्पै शहराच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गाणी म्हणत होते, प्रेषितांची कृत्ये १६. आपल्याकडे तर ठेवाच आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा हा माणूस, त्यांनी आपल्याला अभंगाच्या चालीत रडायला शिकवलं, नाहीतर आपण अजून विलायती चालींत अडखळत बसलो असतो. 'उपासना संगीत' हे आपल्या गीतांचं पुस्तक घरात असेलच, नसेल तर सासूबाईंच्या ट्रंकेत बघा. आवाज नसेल तर गुणगुणा. मी यूट्यूबवर लावायचे आणि पुटपुटायचे, झोप लागायची निदान.

हे सगळं एकट्याने होत नाही. मार्काच्या २ ऱ्या अध्यायात कफर्णहूमला पक्षघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही तर छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. बाजेवरच्याच्या विश्वासाबद्दल वेगळं काही विचारलेलं नाही. म्हणून ज्या दिवशी तुमचा विश्वास चालत नाही त्या दिवशी दुसऱ्यांच्या खांद्यावर पडून राहायला हरकत नाही, चार माणसं शोधा फक्त. ग्रुपवर "प्रेयर रिक्वेस्ट" टाकली की शंभर हात जोडलेले येतात, ते वाईट नाही, पण ती चार माणसं वेगळी. त्यांना फोन करून नेमकं सांगायचं: तू रोज रात्री नऊला मला फोन कर आणि फोनवर एक स्तोत्र वाच, बाकी बोलू नको. तू मुलाला ट्यूशनला सोड. तू डबा. गेथशेमानेत खुद्द येशूने तिघा मित्रांना सोबत घेतलं आणि म्हणाला इथे थांबा, जागे राहा. ते झोपले ते सोडा, पण त्याने मागितलं की नाही? मग आपल्याला मागायला कसली लाज.

भेटायला जाणाऱ्यांसाठी पण दोन शब्द. बायबलातला ईयोब, मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गेलेला, त्याचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. पुस्तकभर त्यांनी जेवढं काही केलं त्यात तेवढंच चांगलं होतं, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. "देव परीक्षा बघतोय" हे वाक्य तर बंदच करा. "सहन होईल त्यापेक्षा जास्त देव देत नाही" म्हणून जे १ करिंथ १०:१३ सांगतात ना, तिथे विषय मोहात पडण्याचा आहे, आजार आणि मरणाचा नाही. मराठीत परीक्षा हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात म्हणून गोंधळ होतो. सहन होईल त्यापेक्षा जास्त येतं हो माणसावर, पौल स्वतः २ करिंथ १:८ मध्ये म्हणतो की शक्तीबाहेर भार पडला, जगायची आशासुद्धा सोडली होती. आणि तो फॉरवर्ड, की बायबलात "भिऊ नको" ३६५ वेळा आहे, दिवसाला एक, तो पण खरा नाही, मोजायला बसाल तर तेवढे भरत नाहीत. बरेच वेळा आहे एवढं खरं, आणि बहुतेक वेळा ते अशा माणसाला म्हटलंय जो ऑलरेडी घाबरलेला आहे.

"कशाविषयीही चिंता करू नका" हे फिलिप्पै ४:६ पण असंच फेकून मारतात. त्याच पत्राचा २ रा अध्याय वाचा. पौल तुरुंगात आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली, तो माणूस मरणाच्या दारात जाऊन आला, आणि पौल लिहितो की तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, त्याला परत पाठवतोय म्हणजे माझंही दुःख जरा हलकं होईल. चिंता करू नका लिहिणाऱ्याच्या मनावर पण ओझं होतंच की.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. औषध बंद करून फक्त प्रार्थनेवर राहा असं कुणी सांगितलं, मग तो कितीही मोठा सेवक असो, तिथून उठायचं. आमच्याकडे एक जण आले होते, मिस्टर घरी आल्यावर, म्हणाले विश्वास असेल तर इन्सुलिन सोडा. मी त्यांना चहा दिला आणि दार दाखवलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, कलस्सै ४:१४ मध्ये लिहिलंय, आणि आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे हे पौलानेच सांगितलंय. मनाचं पण तसंच. सलग झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं, तर तो विश्वासाचा दुष्काळ समजून गप्प बसू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पाळकांनाही सांगा आणि डॉक्टरांनाही, दोघांपैकी एक निवडायची गरज नाही.

धीराबद्दल विचार करताना माझ्या डोळ्यासमोर पंडिता रमाबाई येतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई, बहीण गेले, भूक म्हणजे काय ते स्वतःच्या पोटाने बघितलेली बाई. मग १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती, कडेवर छोटी मनोरमा. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं काही नाही. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या घरी नाही बसल्या, मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळी, विधवा गोळा करून आणल्या, त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचं घर, उभं राहिलं. आणि शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत बसल्या होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई पुढच्या एप्रिलपर्यंत होत्या, ५ एप्रिल १९२२. त्यांचं बायबल छापून आलं १९२४ ला. त्या महिन्यांत त्यांना आतून काय वाटत असेल मला नाही सांगता येणार, पण काम थांबलं नव्हतं. धीर म्हणजे छाती भरून येणं वगैरे असेल असं मला आधी वाटायचं, आता वाटतं की धीर बऱ्याचदा बाहेरून तसाच दिसतो जसं एखादं माणूस टेबलाशी बसून आजचं पान पूर्ण करतंय.

शेवटचं म्हणजे वही. तीच, स्तोत्रं लिहिलेली. तिच्या मागच्या बाजूने रोज एक ओळ लिहायची, आजची भाकर काय मिळाली. मोठ्ठा आशीर्वाद शोधत बसायचं नाही, नसेल मिळाली तर तसं लिहायचं. माझ्या वहीतलं एक आठवड्याचं तसंच्या तसं देते:

सोमवार – नर्सबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला, चाळीस सेकंद.
मंगळवार – ताईने पिठलं-भाकरी पाठवली, दोन खाल्ल्या.
बुधवार – मामा गेले. ८८.
गुरुवार – काही नाही. अवकाळी पाऊस, पार्किंगमध्ये पाणी.
शुक्रवार – छत्री एका अनोळखी मुसलमान काकूंनी दिली, त्यांचा मुलगा वरच्या मजल्यावर. दोघी बसून राहिलो.